खुरडत निघालेली रांग

कारेगावात कारखाने नुकतेच येत होते, तेव्हा मी तिथं बालवाडी चालवायचे. दारावर मोठ्या झोकात लिहिलं होतं, 'इथे सगळे सारखे'. लिहायला काय जातंय!

एक चार वर्षांची पोरगी पायानं अधू होती, बसून खुरडत फिरायची. खिचडीआधी हात धुवायला रांग लागली की मी तिला उचलून पहिला नंबर द्यायचे आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचे. एके दिवशी ती माझ्या दंडाला कडकडून चावली. "बाई, मला उचलायचं न्हाई. माझी मी येते!"

मी चिडून तिला खाली ठेवलं. ती खुरडत रांगेच्या शेवटी गेली. ते बघून तिच्या पुढचा पोरगा खाली बसला, मग अख्खी रांगच बसली आणि नळाकडे खुरडत निघाली. रोज हेच. आठवड्यात चड्ड्यांना भोकं पडली. पोरांच्या आया भांडायला आल्या, "शिकवता तरी काय हो?" मी दाराकडे बोट दाखवलं, तशा त्या आणखीच भडकल्या.

शेवटी पोरांनी मलाही बसवलं. साडी आवरत मी कशीबशी दोन हात सरकले.

ती पोरगी मागं वळून म्हणाली, "बाईंना जमंना. उचला रं त्यांना, पहिला नंबर द्या."