पूजेच्या पिशवीतलं पिस्तूल

आमच्या घरात पिस्तूल आलं तेव्हा आम्ही मिशिगनमध्ये, ट्रॉयला राहत होतो. पलीकडच्या गल्लीत एक घरफोडी झाली आणि आमच्या ह्यांच्या डोक्यात ते खूळ शिरलं. मी हजार वेळा सांगितलं की चोराला घाबरवायला तुमचं घोरणं पुरेसं आहे, पण ऐकतील तर शपथ. आधी पोलीस ठाण्यात जाऊन खरेदीचा परवाना, मग दुकान, मग ते घेतलेलं पिस्तूल पुन्हा पोलिसांना दाखवून आणणं, असं सगळं रीतसर. त्या कागदांची त्यांनी एक फाइल केली आणि पासपोर्टांशेजारी ठेवून दिली. आमचे हे कायद्याला फार धरून चालणारे. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा लाल दिव्याला थांबतात.

त्या वर्षी सासूबाई पहिल्यांदाच अमेरिकेत आल्या. सासरे फौजदार होते, सातारा जिल्ह्यात त्यांची हयात गेली. खंडेनवमीला ते आपलं सरकारी पिस्तूल पाटावर ठेवून त्याला गंध-फूल वाहायचे आणि दोन्ही मुलं हात जोडून समोर उभी राहायची, ही गोष्ट मी लग्नापासून ऐकत आले होते. सासरे जाऊन तीन वर्षं झाली होती. धाकटे दीर न्यू जर्सीत, आयसेलिनजवळ राहायचे. दोन्ही भावांनी आईसमोर एकत्र खंडेनवमी करायची असं ठरलं. अमेरिकेत आमचे सगळे सण शनिवारी येतात, तशी तीही शनिवारी करायची ठरली.

ह्यांनी पिस्तूल बरोबर घेतलं. आईला सांगितलं नव्हतं. पाटावर वडिलांसारखं शस्त्र मांडायचं आणि तिला चकित करायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. मिशिगनच्या कायद्याप्रमाणे गाडीत ते डिकीत ठेवायला हवं, हे त्यांना पाठ होतं. पण डिकीत बुटांच्या पिशव्या होत्या आणि पूजेची वस्तू चपला-बुटांत कशी ठेवायची? त्यांनी विचारलं आणि मीच उत्तर दिलं, छे, अजिबात नाही. मग मीच ते एका नव्या खणात गुंडाळून पूजेच्या पिशवीत ठेवलं, ताम्हन आणि कापराच्या डबीबरोबर. गोळ्यांची डबीही त्याच पिशवीत. ती पिशवी मागच्या सीटवर, सासूबाई आणि आमची सात वर्षांची लेक यांच्या मधे.

ओहायो संपून पेनसिल्व्हेनियाची पाटी आली तेव्हा लेकीनं आजीला समोसा हवा का विचारत पिशवी उघडली. चुकीची पिशवी. सासूबाईंनी खण उलगडून पाहिला आणि पुन्हा नीट गुंडाळला. त्या ओरडल्या वगैरे नाहीत. फौजदाराची बायको ती.

"परवाना आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे की, आई. सगळे पेपर्स बरोबर आणलेत," हे म्हणाले.

"आणि हद्द काय लिहिलीय त्यावर?"

आपल्याकडे भारतात बंदुकीच्या परवान्यावर तो कुठपर्यंत चालतो ते लिहिलेलं असतं, जिल्हाभर, राज्यभर की देशभर. हे ह्यांनाही माहीत असणार, पण ते हसले.

"आई, हा काय सातारा जिल्हा आहे का? एकच देश आहे. माझ्या मिशिगनच्या लायसन्सवर मी न्यू जर्सीत ड्राइव्ह करतो ना? मग हे का नाही चालणार?"

मीही हसले.

दिरांच्या घरी पोचल्यावर ह्यांनी मोठ्या ऐटीत ती पुरचुंडी ओट्यावर ठेवली. दिरांचा चेहरा उतरला. "दादा, तू हे गाडीतून आणलंस? मागच्या सीटवर?" त्यांनी लगेच ओळखीच्या एका वकिलाला फोन लावला. आम्ही सगळे टेलिफोनभोवती उभे. फोन ठेवून दिरांनी वकिलाचं म्हणणं सांगितलं. या राज्यात पिस्तूल विकत घ्यायला वेगळा परवाना, बाळगायला वेगळा, आणि बाहेरच्या राज्याचा कागद इथे कुणी विचारत नाही. तसं गाडीत सापडलं असतं तर दादाला सरळ तुरुंग. पेनसिल्व्हेनियाचे नियम आणखी निराळे, ओहायोचे त्याहून निराळे. वकिलानं बजावलं होतं, आता गोळ्या वेगळ्या करा, पिस्तूल पेटीत घालून डिकीत कुलूपबंद ठेवा, कुठेही न थांबता राज्याबाहेर पडा आणि यापुढे असला शहाणपणा करू नका.

"म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स चालतं आणि हे नाही?" हे पुन्हा पुन्हा तेच विचारत होते. मला इतका राग आला की काय सांगू. ह्यांचा आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. जाऊबाई सोफ्यावर बसून रडत होत्या. लेक कोपऱ्यात उभी राहून आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होती. तिला दुसऱ्या खोलीत पाठवायला हवं होतं, ते कुणाला सुचलं नाही.

सासूबाई तेवढ्या शांत होत्या. "ते बाहेर काढायचं नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आपली पर्स उघडली आणि आतून सासऱ्यांची पितळी शिट्टी काढली. "त्यांचं पिस्तूल सरकारचं होतं, ते सरकारजमा झालं. आपली ही आहे."

तर त्या शनिवारी पाटावर ह्यांचा स्क्रूड्रायव्हर, दिरांचा कॅल्क्युलेटर, जाऊबाईंचा मिक्सर, लेकीची पेन्सिल आणि ती शिट्टी अशी मांडणी झाली. दोघे भाऊ हात जोडून उभे राहिले. हे रडले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. नंतर दोन्ही गाड्यांची पूजा झाली आणि पुढे झेंडूच्या माळा बांधल्या.

रविवारी सकाळी आम्ही परत निघालो. डिकीतले सगळे बूट आता माझ्या पायांशी होते आणि डिकीत कुलूपबंद पेटी. सासूबाईंच्या मांडीवर करंज्यांचा डबा. डेलावेर नदी ओलांडली की न्यू जर्सी संपते. नदी यायला दहा-बारा मैल उरले असतील, आणि मागे पोलिसाच्या गाडीचे दिवे चमकले.

ब्रेकचा एक दिवा गेला होता. एवढंच. पोलीस तरुण होता, टोपी घातलेला, अगदी सभ्य. ह्यांनी कागद दिले. कागद परत करता करता त्याचं लक्ष बॉनेटवरच्या माळेकडे आणि हळदी-कुंकवाच्या बोटांकडे गेलं. हे काय, म्हणून त्यानं विचारलं. ह्यांच्या तोंडून "रिलिजस," एवढंच कसंबसं निघालं. मग तो वाकला आणि मागच्या खिडकीतून लेकीला म्हणाला, पार्टी होती का गं तुमच्याकडे?

ती म्हणजे बडबडी. शाळेतली बाई सांगायची, हिला गप्प कसं करायचं ते तुम्हीच शिकवा. "इट्स लाइक अ बर्थडे फॉर टूल्स," ती म्हणाली. तो हसला. काय काय होतं? "डॅडीज स्क्रूड्रायव्हर, अँड काकूज मिक्सर, अँड माय पेन्सिल, अँड..."

सासूबाईंना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. पण पोलीस चौकशी कशी करतो ते त्यांना आयुष्यभर माहीत होतं. त्यांनी डबा उघडला, एक अख्खी करंजी नातीच्या तोंडात कोंबली आणि दुसरी हसत हसत पोलिसापुढे धरली. त्यानं मान हलवून नको म्हटलं, दिवा बदलून घ्या असं ह्यांना सांगितलं आणि तो गेला.

नदी ओलांडल्यावर पहिल्या विश्रांतीच्या जागी ह्यांनी गाडी थांबवली आणि उतरून ते गवतावर जाऊन बसले. लेकीनं करंजी संपवली, फ्रॉकवरचं सारण झटकलं आणि रागानं आजीकडे बघितलं.

"आय वॉज जस्ट गोइंग टू से द व्हिसल," ती म्हणाली. "आय नो यू डोन्ट टेल पोलीस स्टफ."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. काय म्हणते ती? मला खोटं सांगता आलं असतं. पण सांगितलं मी, शब्दन् शब्द. ती शिट्टीच म्हणणार होती. आणि पोलिसाला काही सांगायचं नसतं, हे तिला माहीत आहे.

त्या बराच वेळ डब्याचं झाकण लावत बसल्या. झाकण कधीच लागलं होतं.

सोमवारी हे कामावर गेलेच नाहीत. सकाळीच ते पिस्तूल, ज्या दुकानातून आणलं होतं तिथे परत विकून आले. फाइल मात्र अजून आहे, ती का ठेवली ते त्यांनाच ठाऊक. पण मला त्या प्रवासातलं शेवटी आठवतं ते हे नाही. त्या गवताच्या कडेला, गाडीचं दार उघडं असताना, सासूबाईंनी नातीला जवळ ओढून घेतलं आणि त्या मला म्हणाल्या,

"अगं, माझी पोरं खाकी दिसली की दाराकडे धावत जायची."