दोन पावलांची चाल

सम्राटचं नाक ठेचलं गेलं तेव्हा मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मी आकाराम, आमच्या बँडमधला कॉर्नेटवाला. जयसिंगपूरच्या मैदानावर हे घडलं तेव्हा मी नुजहतच्या पुढच्याच रांगेत होतो.

नुजहत ही शमशुद्दीन मास्तरांची मुलगी. शाहूपुरीतला आमचा बँड मास्तरांनी उभा केला, आणि पोरीला बोलायच्या आधी मोजायला शिकवलं. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला. आता बँडपुढे चालून ठोका दाखवायची छडी नुजहतकडे जाणार, असंच आम्ही धरून चाललो होतो. पण मास्तरांचा चेला सम्राट त्यांना दवाखान्यात भेटायला म्हणून गेला आणि येताना छडी घेऊन आला.

"पोरीच्या छडीमागं गडी चालत न्हाईत," तो तिला म्हणाला. "तू आपला मोठा ढोल वाजीव."

वर जयसिंगपूरच्या स्पर्धेसाठी मास्तरांनी बांधलेल्या चालीवर त्याने स्वतःचं नाव घातलं. नुजहतने मुकाट्याने ढोलाचे पट्टे गळ्यात अडकवले. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. 

आमच्यात चाल म्हणजे सुरांचीही आणि पायांचीही. या चालीच्या कागदावर सुरुवातीला आकडे होते, वर सहा, खाली आठ. म्हणजे दोन उभ्या रेघांमध्ये सहा छोटे सूर. पण ठोके सहा नव्हेत, दोनच. तीन सुरांचा एक, तीन सुरांचा दुसरा, दादऱ्यासारखे. डावा पाय, उजवा पाय. सम्राटने मात्र सहाचे दोन-दोन-दोन असे तुकडे पाडले आणि छडीने तीन ठोके दाखवू लागला. तीनावर चाललात की पहिला ठोका एकदा डाव्या पायावर पडतो, एकदा उजव्यावर, आणि सुरांचा जोर भलतीकडेच जातो. हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नाही, कारण तालमीत नुजहत छडीकडे बघतच नसे. ती दोनच वाजवायची. पाय ढोलाचं ऐकतात, त्यामुळे आम्ही नीट चालायचो आणि सम्राटला वाटायचं, आपल्यामुळेच चाललेत.

शेवटच्या तालमीत त्याने तिला सगळ्यांदेखत झापलं. "छडीकडं बघून वाजीव की! बँड माझ्या हातावर चालतोय."

"व्हय," ती म्हणाली. "उद्या तुझ्या हातावरच वाजवते."

जयसिंगपूरला मास्तर चाकाच्या खुर्चीत मैदानाच्या कडेला बसले होते. छडी उठली. नुजहतने तिच्यावर डोळे रोवले आणि तीन ठोके दिले, अगदी छडीबरहुकूम. काहींचे पाय ढोलावर पडले, काहींचे सुरांवर, आणि दहा पावलांत आमची रांग मोडली. कुणाचा डावा, कुणाचा उजवा, झांजवाला माझ्या पाठीवर आदळला. लोक खदखदून हसत होते. सम्राट घामाघूम होऊन छडी जोरात हाणू लागला, तशी नुजहतही तितक्याच जोरात तीन वाजवू लागली. असं तिने त्याला परीक्षकांच्या मांडवापर्यंत नेलं. तिथे पोचल्यावर तिने छडीवरची नजर काढली आणि दोन वाजवले.

आमचे पाय आपोआप जुळले. अख्ख्या मैदानावर आता एकच माणूस चुकीच्या पायावर होता, आणि तो छडी घेऊन सगळ्यांच्या पुढे होता.

बक्षीस अर्थातच गेलं. सम्राट तणतणत तिच्या अंगावर आला. "मुद्दाम केलंस तू!"

"तुझ्याच हातावर वाजवलं की."

त्याने छडी मास्तरांच्या पायाशी फेकली आणि निघून गेला. मला वाटलं, मास्तर खूश होतील. ते तर संतापले होते.

"माझी चाल तीनात वाजवलीस?" ते जड जिभेने म्हणाले.

"त्याच्या हातात तीनच हुतं, अब्बा."

 मास्तरांनी चांगल्या हाताने खाली पडलेल्या छडीकडे बोट केलं. "आन् तुझ्या हातात?"

नुजहतने वाकून छडी उचलली.

"दोन," ती म्हणाली.