तीन खाचांचा ठोकळा

फोन आला तेव्हा मी जवसाची चटणी कुटत होते. पलीकडून भाचा म्हणाला, "मावशी, बाबा गेले..." आणि पुढे त्याला बोलवेना. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. बाई दगडाची आहे असं लोक म्हणतात, म्हणोत. खलबत्ता बाजूला सरकवला तेव्हा ध्यानात आलं की ही चटणी भाटव्यांसाठीच चालली होती. चारच दिवसांपूर्वी त्यांनी मागितली होती, "तिखट कमी टाकजो, इंदू," असं बजावून. मग मात्र मी तिथंच भिंतीला टेकून रडले.

भाटवे म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान. आमच्या भंडाऱ्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भाटवा म्हणतात, आणि मेहुणीनं त्याची टिंगल करायची हा तिचा हक्कच असतो. तो हक्क मी साठ वर्षं बजावला. भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये त्यांना सगळे दशरथ मिस्त्री म्हणत. आता त्यांना जाऊन पाच आठवडे झाले. नेहरू नगरच्या भाच्याच्या घरात त्यांच्या खाटेवर आता धुतलेले कपडे पडलेले असतात. शेवटच्या भेटीत त्या खाटेवर पडूनच त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक काम होतं. दुसऱ्या गोष्टीनं मला त्यांचा राग आला. ती योग्य जागी सांगेन. लिहू का, असं ताईला विचारलं. ती म्हणाली, "लिही. पन खरं लिहिनार असशील तर."

मी भिलाईत आले ती ताईच्या बाळंतपणासाठी. तेव्हा प्लांट उभा राहायचा होता. जिकडं बघावं तिकडं खोदलेली लाल माती, ट्रकांच्या रांगा आणि मजुरांच्या तट्ट्याच्या झोपड्या. रुआबांध्याच्या बाजूला अशाच एका झोपडीत ताई-भाटवे राहत. भाटवे कागदावर खलाशी होते, म्हणजे दोर ओढा, ओझी उचला. हात मात्र सुताराचा. सुतारी आमच्या कोणाच्या घरची नव्हे. आमच्या माणसांच्या हातात कोणी रंधा देत नव्हतं. गोंदियाच्या एका आरा मशीनवर भुसा भरता भरता ते नजरेनं शिकले. पुढे दीक्षा घेतली, गाव सोडलं आणि पोटासाठी इकडं आले. "इथं कोनी जात पुसत नाही, काम पुसते," असं ते म्हणत. ते काही अगदी खरं नव्हतं, पण त्यांना ते खरं असावं असं वाटत होतं.

रशियन इंजिनिअर राहत त्या गेस्ट हाउसच्या मागं मोठ्या साहेबांना लाकडाचा उघडा ओटा पाहिजे होता. पाहुण्यांना संध्याकाळी बाहेर बसायची सवय. जमिनीपासून हातभर उंच, वर छप्पर नाही, फळ्याच फळ्या. साहेब त्याला डेक म्हणत. आमच्या कॅम्पात त्याचं नाव पडलं 'सायबाचा पाट'. साहेब भाटव्यांना म्हणाले, हा नीट करून दाखव, तुला मिस्त्री करतो. मिस्त्री झाला की दोन खोल्यांचं पक्कं क्वार्टर. ताईला सातवा लागला होता आणि झोपडीत विंचू निघत.

तिथून भाटव्यांना लाकडाचं वेड लागलं. डेपोत सरईचा, म्हणजे साल लाकडाचा, ढीग होता, पण ओला. ते ओंडक्याला कान लावत, दुसऱ्या टोकाला ठोकत आणि तोंड वाकडं करून परत येत. "अजून रडून राहिलं," म्हणत. "उघड्यावरचं लाकूड म्हंजे उघड्यावरचा संसार, इंदू. ऊन, पानी, वाळवी, सारं त्याच्याच डोक्यावर. ओलं लावलं तर सहा महिन्यांत पापडावानी वाकते." मी म्हणायची, "भाटवे, एवढी पारख ताईले पाहाले आले तवा केली होती काय?" ताई आतून ओरडायची, "मलेच कोनी पारख करू देली नाही!"

मग त्यांना ते लाकूड सापडलं. जवळचं एक गाव प्लांटसाठी उठलं होतं. माणसं गेली, घरं मोडली, तळं तेवढं उरलं. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं होतं. एका रविवारी भाटवे तिथं आंघोळीला गेले आणि चिखलात पायाला ठेच लागली. हात घालून पाहिलं तर ओंडके, एकाशेजारी एक, चार. कोणीतरी लाकूड तळ्यात मुरत घातलं होतं. आमच्याकडेही घालतात. दोन-चार वर्षं पाण्याखाली राहिलं की लाकडातला रस निघून जातो, मग कीड लागत नाही. संध्याकाळी ते चिमूटभर भुसा घेऊन आले, काचेच्या पेल्यात पाण्यात टाकला आणि पेला उन्हात धरला. पिवळ्या पाण्यावर निळी झाक आली, बिबळ्याच्या लाकडाची खूण. "बिजा!" माणूस लहान लेकरासारखा नाचला. "बिजा हाये, सुमन, अस्सल बिजा!"

साहेब म्हणाले, गाव उठलेलं, तळं हद्दीत, काढा. बैलजोडी लावून ओंडके काढले. आरा मशीनवर फळ्या पाडल्या, सालीखालचं पांढरं कच्चं लाकूड काढून टाकलं आणि मधल्या लाकडाच्या फळ्या एकीवर एक, मध्ये काड्या ठेवून, सावलीत रचल्या. पाऊसकाळभर दिवसातून दोनदा ते त्या ढिगाला हात लावून येत. ताई म्हणे, माझ्या पोटाला एवढ्यांदा हात नाही लावला या माणसानं. ओंडक्यांची, तडकली म्हणून कापलेली टोकं, चांगले आठ ठोकळे, ते चुलीसाठी घरी घेऊन आले. प्रत्येकावर कुऱ्हाडीच्या तीन-तीन खाचा होत्या, सारख्या अंतरावर. मी म्हटलं, "भाटवे, हे काय हो?" म्हणाले, "कुऱ्हाडीचे घाव असतीन. जाळ." मी ठोकळे झोपडीवर वाळवले आणि एकेक चुलीत घातले. एक तेवढा बसायला बरा म्हणून ठेवला.

दसऱ्याच्या सुमारास ओटा लागला. मी पाहायला गेले होते. दोन फळ्यांमध्ये पाणी वाहून जाण्यापुरती फट, मोजायला हातात एक जुनं नाणं. खिळा एकही नाही. "लोखंड गंजते, लाकूड काळं करते." आधी गिरमिटानं भोक, मग पितळी स्क्रू. कापल्या टोकांना डांबर. आणि शेवटी जवसाचं तेल, जे ताईनं भाजीसाठी गावावरून आणवलं होतं. त्या दिवशी आमच्या घरी भाजी पाण्यातली झाली आणि ओटा मधासारखा चमकत होता. शनिवारी पाहुणे त्यावर पहिल्यांदा बसायचे होते.

मंगळवारी शिंगाडे विकायला एक म्हातारी आली. छत्तीसगढी बाई, हातावर गोंदण, डोक्यावर टोपली. तिचं नाव सुकवारो. मी चुलीपुढं ठोकळ्यावर बसले होते. शिंगाडे मोजता मोजता तिचा हात थांबला. "उठ तो नोनी," ती म्हणाली, ऊठ पोरी. मी उठले. ती खाली बसली आणि त्या तीन खाचांवरून बोट फिरवायला लागली. "ए त हमर चिन्हा आय," म्हणाली. ही आमची खूण आहे. "कहां ले पाए?" कुठून मिळालं?

मी तळ्याचं नाव घेतलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. तिच्या नवऱ्यानं अन् त्याच्या दोन भावांनी मिळून ते लाकूड तळ्यात घातलं होतं, तीन भावांच्या तीन खाचा. लेकाच्या लग्नाआधी घर बांधायचं होतं. मग गाव उठलं, नवरा वारला, आणि नव्या जागी लेक-सून गवताच्या छपराखाली राहत होते. धान कापून झाल्यावर गाडी जोडून ती लाकूड न्यायला येणार होती. आरडाओरडा तिनं केला नाही. "बाकी कहां हे?" एवढंच विचारलं. मी चुलीकडं पाहिलं. सात ठोकळे मी जाळले होते. आजही तो प्रश्न आठवला की माझा चेहरा गरम होतो.

भाटवे आले, त्यांनी तिला पाहिलं, ठोकळा पाहिला आणि दारातच उभे राहिले. मग तिला घेऊन गेस्ट हाउसला गेले. मीही मागं गेले. ती अनवाणी ओट्यावर चढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली आणि खाली उतरली. दुसऱ्या दिवशी भाटवे साहेबांपुढं उभे राहिले. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "अरे, कागदानं ते लाकूड आपलंच आहे. शनिवार निघू दे, गप्प बस." भाटवे म्हणाले, "साहेब, कागद तुमचा हाये. खाच तिची हाये." साहेबांनी कपाळाला हात लावला. "शनिवारी मला ओटा पाहिजे. मग तू काय करायचं ते कर."

त्यांनी प्रत्येक स्क्रू उलटा फिरवून काढला. जागी डेपोतली ओली सरई लावली, ती वाकणार हे माहीत असून. ती वाकलीच. पुढच्या उन्हाळ्यात एका पाहुण्या बाईचा पाय अडकला, मुरगळला, आणि ठपका भाटव्यांवर आला. मिस्त्रीपद हुकलं, क्वार्टरही. त्या पावसाळ्यात झोपडीतच जन्मलेला भाचा तिथंच रांगायला लागला. माझं लग्न होऊन मी इथंच राहायला आले तरी भाटवे खलाशीच होते. विचारलं कोणी, तर "माह्या हातून चुकी झाली" म्हणत आणि मूग गिळून बसत. ताईनं त्यांना एका शब्दानं टोचलं नाही. मी टोचलं. बोलघेवडी ना मी.

काढलेल्या फळ्या गाडीत घालून सुकवारोच्या नव्या गावी नेल्या, तेव्हा आणखी एक खोट समोर आली. तिला पाहिजे होत्या तुळया आणि दाराची चौकट. तुळईची फळी होते, फळीची तुळई होत नाही. भाटवे मान खाली घालून उभे. सुकवारोनं एका फळीवरून हात फिरवला अन् म्हणाली, "साहेब मन बर जइसन बनाए हस, तइसने मोर दुआरी म बना दे." साहेबांसाठी केलंस तसंच माझ्या दारात कर.

तर त्यांनी केलं. चार रविवार जाऊन. दगडी खांब, आडवे वासे, वर त्याच फळ्या, जुन्या भोकांत पुन्हा तेच स्क्रू. गवताचं घर आणि त्यापुढं रशियन पाहुण्यांचा डेक! सारं गाव हसलं, मग सारं गाव तिथं बसायला लागलं. पायरी तेवढी त्यांनी केली नाही. सुकवारोच्या लेकानं दोन विटा ठेवून घेतल्या. पुढं दर वर्षी दिवाळीनंतर भाटवे जवसाच्या तेलाची बाटली आणि गोणपाटाचा तुकडा घेऊन तिकडं जात. मिस्त्री झाले तेव्हाही, रिटायर झाले तेव्हाही, सुकवारो गेल्यावरही. मीही कितीदा गेले. गुडघे गेल्यापासून त्या विटांवरून मला चढवेना, मी खालीच खुर्ची टाकून बसायची. म्हणायची, "भाटवे, एवढे मोठे मिस्त्री, एक पायरी होत नाही तुमच्यानं?" म्हणत, "मापून ठेवली हाये. वेळ हाये तिले." आणि तो ठोकळा ताईच्या स्वयंपाकघरातच राहिला. त्यावर बसून ती भाजी चिरायची.

आता शेवटच्या भेटीतली गोष्ट. आवाज बसला होता, तरी मला जवळ बोलावून म्हणाले, "इंदू, तो ठोकळा माह्यामागं तिकडं नेऊन देजो. पायरी हाये ती." मी हो म्हटलं. मग म्हणाले, "खाचा मले तळ्यातच दिसल्या होत्या."

मला आधी समजलंच नाही.

"पान्यात हात फिरवून पायलं होतं मी. मानसानं केलेली खूण हाये हे आंधळ्यालेबी समजते. आरा मशीनवर मी टोकं कापली ना... ते तडकली म्हून नाही कापली."

"मंग कावून, भाटवे?"

"झोपडीत विंचू निघून राहिले होते. सुमन पोटुशी होती. वाटलं, गाव तर उठलं, कोन येते पुसाले." त्यांनी पांघरूण छातीवर ओढलं. "सुकवारोले सांगतलं होतं मी. तिचा ओटा पुरा झाला त्याच दिवशी. ठोकळाबी घेऊन गेलो होतो. म्हने, जानत रहेंव. म्हने, जब ले गड़थे, तब ले अपन करा राख."

मला ठाऊक होतं, म्हणाली. टोचतोय तोवर तुझ्याजवळच ठेव.

"मंग किती दिवस टोचला?" मी विचारलं. ते हसले. हसताना खोकला आला, मी पाणी दिलं, आणि मग त्यांनी जवसाच्या चटणीचं काढलं.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? सात ठोकळे माझ्या हातून जाळवले या माणसानं. तीन दिवस मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. चौथ्या दिवशी मिरच्या काढल्या, जवस भाजले. बाकी तुम्हाला माहीत आहे.

गेल्या रविवारी भाच्यासोबत गेले. ताईनं ठोकळा पुसून दिला. "ने बाप्पा," म्हणाली. "यांनी मले कधी सांगतलं नाही. पन झोपेत बोलायचे ना... मले मालूम होतं." सुकवारोच्या नातसुनेनं ओटा झाडून ठेवला होता. दोन फळ्या मध्ये कधीतरी बदलल्यात, बाकी त्याच. आम्ही तेल लावलं, माझा हात पुरला तिथवर मीही लावलं. मग नातवानं विटा काढल्या आणि ठोकळा बसवला. खाचा समोर आल्या. मापून ठेवली होती म्हणायचे, ते खरंच. मी मात्र तशीच उभी. त्या खुणेवर पाय कसा ठेवायचा?

नातसून वरून म्हणाली, "चढ़ न दाई. घर के लकड़ी आय." चढ ना आई, घरचंच लाकूड आहे.

मी पाय ठेवला. ठोकळा जरासुद्धा हलला नाही.