गाडीच्या कपाळावरचे पाणी

"रोकडे गाडी दुरुस्त करत नाहीत, तिची मुलाखत घेतात," असे बेलवलीतल्या आमच्या इमारतीत विष्णुपंत म्हणत. तळमजल्यावरच्या सुनंदाबाईंची तक्रार निराळी होती. "दोन तास मीटर लावून बसायचं आणि शेवटी एक पिन पुसायची. ह्याला कारागिरी म्हणतात होय?" एका मुद्द्यावर मात्र दोघांचे एकमत होते: "हे लोक आता कॉम्प्युटरच्या गाड्यांनाही हात घालू लागले." 'हे लोक' म्हणजे कोण, असे इमारतीत कोणी विचारत नसे. हरिचंद्र रोकडे यांच्या बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती, आणि ती जिन्यावरून दिसे. त्यांच्याकडून इस्त्री आणि मिक्सर दुरुस्त करून घेण्यापुरती समता मात्र सर्वांनी मनापासून स्वीकारलेली होती.

रोकड्यांचे वडील धोंडिबा अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात होते. मुलाने तिथेच आयटीआय केले आणि यंत्रांची नियंत्रण-पॅनेले बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरली. सत्याऐंशी साली कंपनीला टाळे लागले. मग ते उल्हासनगरात टेकचंद यांच्या गॅरेजमध्ये वायरमन म्हणून लागले. हॉर्न, दिवे, टेप यांत दहा वर्षे गेली. नव्वदीच्या अखेरीस परदेशी गाड्या येऊ लागल्या आणि त्यांच्या पोटात इलेक्ट्रॉनिक पेट्या निघाल्या. इंजिनाची एक, गियरची दुसरी, ब्रेकची तिसरी. या पेट्या एकमेकींवर पिळलेल्या दोन तारांवरून सतत आपसांत बोलत असत. बोलणे तुटले की प्रत्येक पेटी दुसरीच्या नावाने तक्रार नोंदवी आणि गाडी रुसून बसे. टेकचंदचे इतर कारागीर अशा गाडीला दुरूनच नमस्कार करीत. रोकड्यांनी एका जुन्या इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्सवरून हा प्रकार शिकून घेतला. "कोण कोणावर आरोप करतंय ते ऐकायचं नाही," ते म्हणत, "मधला रस्ता तपासायचा."

इमारतीचे अध्यक्ष चिंतामणी गुप्ते आनंदनगर एमआयडीसीतल्या एका रंग-रसायनांच्या कारखान्यात जनरल मॅनेजर होते. अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्याला कारखान्याने त्यांना काळी, लांबलचक परदेशी गाडी दिली. तिचे आगमन इमारतीने घरचे कार्य असल्यासारखे साजरे केले. गुप्त्यांच्या मातोश्री माई यांनी हळदकुंकू वाहिले, झेंडूच्या फुलांचा हार घातला, अक्षता टाकल्या आणि नारळ फोडला. आता गाडीला ओवाळायचे तर तिचे कपाळ कुठले, हा प्रश्न होता. माईंनी क्षणभर विचार करून निर्णय दिला की, बॉनेट संपते आणि काच सुरू होते तेच कपाळ. नारळाचे सगळे पाणी त्यांनी तिथे ओतले. त्यानंतर दर अमावस्येला हा विधी होऊ लागला. इमारतीत शिकलेल्या माणसांची वाण नव्हती. एक प्राध्यापक होते, दोन इंजिनियर होते. सगळे गॅलरीतून हात जोडत आणि खोबऱ्याची वाट पाहत.

डिसेंबरात गुप्त्यांनी टेकचंदकडून गाडीत नवा टेप बसवून घेतला. तो रोकड्यांनी बसवला. फेब्रुवारीत गाडीला झटका आला. वाटेतल्या पुलावर चढता चढता डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे सगळे दिवे पेटले, गियर एका जागी अडकला आणि जनरल मॅनेजरसाहेब बैलगाडीच्या वेगाने कारखान्यात पोहोचले. किल्ली काढून पुन्हा लावली की गाडी बरी होई. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

मुंबईहून गाडीच्या विक्रेत्यांचा इंजिनियर आला. त्याने टायच्या गाठीला हात न लावता गाडीला कॉम्प्युटर जोडला. गियरची पेटी उत्तर देत नाही, असे पडद्यावर आले. त्याने गियरची पेटी बदलली. आठवड्याने गाडी पुन्हा अडली. या खेपेस पडद्यावर इंजिनाच्या पेटीचे नाव आले, तेव्हा तीही बदलली. तिसऱ्या खेपेस बदलण्यासारखे काही उरले नव्हते. म्हणून त्याने कारण बदलले. "स्थानिक कारागिराने टेप बसवताना मूळ वायरिंगला इजा केली आहे," असे त्याने कागदावर लिहून दिले. गुप्त्यांनी तो कागद इमारतीच्या सभेत मोठ्याने वाचला आणि दुसऱ्या दिवशी टेकचंदकडे पाठवला. कारखान्याच्या सगळ्या गाड्या टेकचंदकडे येत असत.

टेकचंदने रोकड्यांना समोर बसवले. "हरी भाई, ग्यारह साल हो गए, मैंने कभी तेरा काम चेक नहीं किया. पर साहब बोलते हैं तूने वायर काटी. इतवार तक साबित कर नहीं काटी. नहीं तो सोमवार से मत आना, साईं."

रविवारी सकाळी गाडी इमारतीच्या अंगणात उभी राहिली. गॅलऱ्या भरल्या. रोकड्यांनी बॅटरी सोडवली, डॅशबोर्डखाली आडवे होऊन पेट्यांमधल्या त्या दोन पिळलेल्या तारांवर मीटर लावला आणि बराच वेळ आकड्याकडे पाहत राहिले.

"झाली का मुलाखत?" वरून विष्णुपंतांनी विचारले. हशा झाला.

"एकशे वीस," रोकडे म्हणाले.

"म्हणजे काय, ताप आहे का तिला?"

"तारेच्या दोन्ही टोकांना एकशे वीस ओहमचा एकेक रोध असतो. दोन्ही जागेवर असले की मीटर साठ दाखवतो. एकशे वीस दाखवतोय, म्हणजे एक टोक तुटलंय. पेट्या चांगल्या आहेत. मधे कुठेतरी जोड गेलाय."

"आणि तो जोड तुमच्या टेपपाशी असणार," गुप्ते म्हणाले.

रोकड्यांनी टेप बाहेर काढला. त्याच्या तारा निराळ्या बाजूने गेल्या होत्या. पेट्यांच्या दोन तारांच्या जवळूनही त्या जात नव्हत्या. गुप्त्यांनी वाकून पाहिले आणि पाहिलेच नाही अशा चेहऱ्याने सरळ झाले. मग रोकडे तारेचा माग काढत पुढे गेले. बॉनेट उघडले, काचेखालचे काळे प्लॅस्टिकचे झाकण काढले. आत एक खोलगट जागा होती, पाणी वाहून जायला तिला तळाशी भोक होते, आणि बाजूलाच तारांचा मोठा जोड होता. भोक बुजले होते. रोकड्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरले आणि चिमट्याने एकेक वस्तू काढून त्यावर मांडली: झेंडूच्या पाकळ्या, अक्षता, कुंकवाचा गोळा, खोबऱ्याचा कुजलेला तुकडा. तळाशी चिकट, तपकिरी थर बसला होता. जोड उघडला तेव्हा आतल्या दोन पिना हिरव्या पडलेल्या निघाल्या.

विक्रेत्याच्या इंजिनियरने हे झाकण कधी उघडलेच नव्हते. त्याच्या पडद्यावर पेट्यांची नावे येत. जोडाचे नाव येत नसे.

रोकड्यांनी पिना बदलल्या, जोड धुऊन वाळवला. मीटरवर साठ आले. गाडी जांभूळ गावापर्यंत जाऊन आली आणि एकही दिवा पेटला नाही. गॅलऱ्या एव्हाना रिकाम्या झाल्या होत्या. माणूस चुकीचा ठरताना पाहायला सगळे जमतात. बरोबर ठरला की प्रत्येकाला गॅसवर ठेवलेले दूध आठवते.

"कशानं झालं?" गुप्त्यांनी विचारले.

"नारळाच्या पाण्यानं. दर महिन्याचं साचून राहिलं, पिना सडल्या."

"हे तुम्ही म्हणणारच," गुप्ते शांतपणे म्हणाले. "तुम्हाला आमच्या पूजेचं वावडंच."

"मला कसलं वावडं, साहेब? पिनांना आहे."

गुप्त्यांनी आवाज उतरवला. "हे पाहा रोकडे, माझ्या आईनं गाडी बिघडवली असं कारखान्यात कळलं तर बरं दिसेल का? टेकचंदना जो कागद द्याल, त्यात लिहा, पावसाचं पाणी. मी फोन करतो, तुमची नोकरी पक्की. काय जातं तुमचं?"

गाडी दसऱ्याला आली होती. तिने अजून पाऊस पाहिलाच नव्हता. परंतु जनरल मॅनेजरांचा पाऊस ऋतूची वाट पाहत नसावा.

रोकड्यांनी घरी जाऊन कागद लिहिला. सोमवारी टेकचंदने तो वाचला. टेप बसवताना तार कापलेली नाही. दोष काचेखालच्या जोडात. कारण, वारंवार ओतलेले नारळाचे पाणी. त्याने चष्मा काढला. "बाबा, सच है तो सच है. पर लिखा क्यों? मुँह से बोल देता." कागद गुप्त्यांपर्यंत पोहोचला आणि संध्याकाळपर्यंत कारखान्याच्या गाड्या दुसऱ्या गॅरेजकडे वळल्या. मंगळवारी रोकडे आपला मीटर आणि चिमटा पिशवीत घालून घरी आले.

पुढच्या अमावस्येला माईंनी नारळ गाडीपासून दहा पावले दूर, कुंपणाच्या भिंतीपाशी फोडला. तिकडची दिशा अधिक शुभ असल्याचे त्यांना अचानक कळले होते. गुप्ते वर्तमानपत्र वाचत होते. इमारतीने नेहमीप्रमाणे हात जोडले आणि खोबरे खाल्ले. असे का झाले, हे कोणी विचारले नाही, कारण सगळ्यांना माहीत होते.

खोबऱ्याचा तुकडा चघळतच विष्णुपंत रोकड्यांच्या दारात गेले. मनाने ते वाईट नव्हते. त्यांना खरोखरच हळहळ वाटत होती. "अहो रोकडे, पावसाचं पाणी लिहिलं असतं तर नोकरी राहिली असती की नाही? दोन शब्दांचा तर प्रश्न होता."

रोकडे उंबरठ्यावर बसून कोणाचा तरी मिक्सर उघडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"राहिली असती. आणि माईंनी आजही नारळाचं पाणी काचेपाशीच ओतलं असतं, जोड पुन्हा सडला असता, आणि तुम्ही सगळ्यांनी पुन्हा मलाच धरलं असतं. पाऊस लिहून त्यांची अब्रू मी राखायची. माझी कोण राखणार होतं, विष्णुपंत? तुम्ही?"