दुसऱ्या हाताचा अंगठा

अध्यक्षांनी बादली माझ्या पायांपुढे उपडी केली. भाताची शिते चपलेवर आली. दुधाच्या पिशव्या, बाळाचा डायपर, आमटीत भिजलेले थर्माकोल, खाऊची पाकिटे. सगळे एकत्र.

"घ्या, करा वेगळं," ते म्हणाले. "तुम्हा लोकांच्या हाताला सवय असते."

नारायण पेठेतील एका सोसायटीचे पार्किंग. माझी पत्नी सुमन तेथील घरोघरचा कचरा उचलते. ती माझ्या शेजारीच उभी होती, उजव्या अंगठ्याला चिंधी बांधून. त्याच आठवड्यात अशाच एका मिसळलेल्या बादलीतील ब्लेडने तो चिरला होता. म्हणून त्या सकाळी तिने अध्यक्षांची बादली उचलली नाही; त्यांच्या दाराशी परत ठेवली. ओला-सुका एकत्र असेल तर परत ठेवावा, हा नियम सोसायटीनेच फलकावर लावलेला. परंतु त्याच सकाळी 'प्लास्टिकमुक्त सोसायटी' पाहण्यास अधिकारी आले, आणि जिन्यात त्यांना प्रथम दिसली ती हीच बादली.

संध्याकाळी मला बोलावणे आले.

मी अर्जलेखक आहे. शनिवार पेठेत एका कचेरीबाहेर टेबल टाकून बसतो. शिक्षण सातवीपर्यंत, तथापि 'सबब', 'उपरोक्त', 'विनंती विशेष' हे शब्द माझ्या लेखणीला कधी चुकले नाहीत. पदवीधर माणसे माझ्याकडून मसुदा तपासून घेतात. माझा असा समज होता, की भाषा शुद्ध आहे, शर्ट इस्त्रीचा आहे, तेव्हा मला कोणी 'तुम्ही लोक' म्हणणार नाही.

तो समज तेथे संपला.

मी खाली बसलो. दोन बोटांनी पिशव्या वेचू लागलो. वर कठड्याला माणसे टेकलेली. कोणीतरी हसले. अध्यक्षांच्या पत्नी वरून म्हणाल्या, "अहो, फरशीपण पुसून घ्या हं त्यांच्याकडून."

याच बाई आमच्या वस्तीत कापडी पिशव्या वाटून गेल्या होत्या. प्लास्टिक कसे वाईट, ते आमच्या बायकांना समजावून गेल्या होत्या.

मग अध्यक्षांनी कोरा कागद पुढे केला. "अर्जवाले, आपलं अक्षर सुरेख आहे म्हणे. एक माफीपत्र होऊन जाऊ द्या. कामचुकारपणा झाला, पुन्हा होणार नाही. नसेल जमत, तर उद्यापासून हिला फाटक बंद."

फाटक बंद म्हणजे चूल बंद. हल्ली माणसे अर्ज मोबाईलवर भरतात. माझे टेबल दुपारपर्यंत रिकामे असते. आमचे घर सुमनच्या ढकलगाडीवर चालते. हे मला ठाऊक होते. अध्यक्षांनाही ठाऊक होते.

स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून मी लिहू लागलो. 'माननीय महोदय, माझ्या कामचुकारपणामुळे...' हात सरावाने चालत होता. सुमनला लिहिता येत नाही; सहीच्या जागी ती अंगठा देते.

"चल गं, उठव अंगठा," अध्यक्ष तिला म्हणाले.

तिने चिंधीचा हात पुढे धरला. "काका, हा तुमच्याच इमारतीतल्या ब्लेडनं कापलाय."

त्यांनी पाहिले. नीट पाहिले.

"मग दुसऱ्या हाताचा दे. आम्हाला कुठलाही चालतो."

जखम त्यांना दिसली होती. त्यांना अंगठा हवा होता.

मी कागद फाडला. तुकडे त्यांच्या हातात दिले. "अध्यक्षसाहेब, हा सुका कचरा. तेवढा आपण वेगळा करावा."

"माजलात," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फाटक बंद. दोन दिवसांनी शेजारच्या सोसायटीचेही. पेठेत अध्यक्ष एकमेकांना ओळखतात. आमच्या वस्तीत अध्यक्षांना शिव्या कोणी दिल्या नाहीत, मला दिल्या. माझी बहीण म्हणाली, "दादा, तुझा तोरा झाला, वहिनीची रोजी गेली." सुमन पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "ह्यांनी फाडला नसता, तर मी फाडला असता."

दुसरे काम अद्याप मिळालेले नाही. मिळेल, असे कोणी सांगत नाही. निरोप मात्र आला आहे: माफीपत्र आणा, फाटक उघडू.

ज्याने घाण कालवली, त्याच्या दारातच ती कुजेल. ती उचलणाऱ्या माणसाच्या नावाचे माफीपत्र यापुढे माझ्या लेखणीतून निघणार नाही. घरच्यांसाठी नाही, गिऱ्हाइकासाठी नाही. चूल विझली तरी नाही.