काकीने लिहून दिलं

मुंबईची नोकरी संपवून गावी आलो आणि पहिलं काम काय केलं, तर घरामागच्या काजूच्या बागेला छातीएवढा चिऱ्यांचा गडगा घातला. शेजारची काकी लग्न होऊन आली तेव्हापासून या बागेतूनच आपल्या मळ्यात जायची. आता तिने रस्त्याने वळसा घालून जावं, असं मी परस्पर ठरवलं. एका सकाळी तिने गडग्याचे चार चिरे काढून बाजूला ठेवले आणि डोक्यावर शेणखताची पाटी घेऊन नेहमीसारखी निघून गेली.

माझ्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला. जाब विचारला तर म्हणाली, "गडगो तुझो, वाट माझी." त्याच पावली मी पोलीस ठाण्यात गेलो. आई ओरडत राहिली, "तुझा डोका फिरला काय रे? तिका कोर्टात न्हेतस?"

आईचे गुडघे गेल्यापासून रोज दुपारी काकी पुढच्या दाराने यायची, आईची वेणी घालायची, मग दोघी पान खात बसायच्या. कोर्टात खटला चालू असतानाही तिने हे सोडलं नाही. माझ्याकडे मात्र बघायची नाही.

मालवणच्या कोर्टात तारखांवर तारखा पडल्या. शेवटी वकील म्हणाले, "अहो, असल्या केसमध्ये तुरुंगात कोण जातो? कोणी गुन्हा कबूल करून दंड भरतो, कोणी पुराव्याअभावी सुटतो. बाकीचे कंटाळून मिटवतात. तुम्हीही मिटवा." मी मिटवायला तयार झालो, पण लेखी हवं म्हणून अडून बसलो. मजकूर मीच सांगितला, सातबारा समोर ठेवून: या सर्व्हे नंबरात यापुढे पाऊल ठेवणार नाही.

कागद काकीला वाचून दाखवला. न्यायाधीशांनी विचारलं, "आजी, मान्य आहे ना?" ती "होय साहेब" म्हणाली आणि एकेक अक्षर जोडत सही केली. मी जिंकल्यासारखा वाटेवरच्या कट्टा गावच्या बाजारातून मिठाई घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दुपारी काकी आली नाही. तिसऱ्या दुपारीही नाही. आई दाराकडे बघत विचारायची, "ती इली नाय?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. घर आणि बाग एकाच सर्व्हे नंबरात होती.

मी काकीच्या दारात गेलो, हात जोडले. "मी लिवन दिलंय," ती म्हणाली, "आता पाय ठेवचंय नाय." वकिलांना फोन केला तर ते हसले. तुमच्या घरी तुम्ही बोलावलंत तर कोर्ट कशाला आड येईल, म्हणाले. तेच मी काकीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि तांदूळ निवडत राहिली.

शेवटी कुदळ घेऊन मीच दोन हात गडगा पाडला. तरी काकी गडग्याच्या उरलेल्या पायाच्या पलीकडेच उभी राहते. आता रोज दुपारी मी आईला खुर्चीसकट उचलून तिथवर नेतो. काकी पलीकडूनच वाकून तिची वेणी घालते. काल मीही जरा रेंगाळलो, तशा दोघी गप्प झाल्या. आईने मान वर केली.

"तू वायच घरात जा," ती म्हणाली. "आमका बोलूचा आसा."