फ्लॉपीवरचं कुंकू

आश्विनातलं ऊन रत्नागिरीत सकाळी कोवळं वाटतं आणि दहा वाजेस्तोवर डोळ्यांत खुपू लागतं. त्याला झेंडूचा, पिकत्या भाताचा, कातळावर सुकत चाललेल्या गवताचा वास असतो. तो वास आला की मला अजून आमच्या ऑफिसातली ती गार खोली आठवते आणि जीव अपराधी होतो.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमच्या संस्थेत संगणक आला आणि त्याच्यासाठी वातानुकूलित खोली बांधली गेली. चपला बाहेर काढून आत जायचं! देवघरातही आम्ही इतक्या भीतीनं कधी शिरलो नव्हतो. शिकवायला पालीची सुनंदा आली, माझ्या लेकीच्या वयाची, पण धीराची. मी टायपिस्ट, माझी बोटं सरावलेली. हाल झाले ते आमच्या हेडक्लार्क भाऊंचे. आयुष्यभर टाकानं लिहीत आलेला माणूस! एकेक अक्षर शोधायचे आणि सापडलं की लहान मुलासारखे हसायचे. महिनाभरात सभासदांची यादी फ्लॉपीवर तयार करून दाखवायची, नाही जमलं तर जयगडच्या शाखेत बदली, असा हुकूम होता. भाऊंची पत्नी अंथरुणाला खिळलेली. दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन ते तिला भरवत. जयगडहून दुपारी कोण येणार होतं?

खंडेनवमीला ऑफिसातल्या हत्यारांची पूजा दरवर्षी माझ्याकडे असे. टाइपरायटर झाला, शिक्के झाले. मग वाटलं, या नव्या पाहुण्यानंच काय घोडं मारलंय? संगणकाला हार घातला. भाऊंची फ्लॉपी पाकिटातून काढली, आणि मधल्या लांबट फटीत जिथं आतली काळी तबकडी दिसते, नेमकं तिथंच ओलं कुंकू लावलं. भाऊंचं भलं होऊ दे गं बाई, असंही पुटपुटले.

दसरा झाल्यावर परीक्षा. यंत्र घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. सुनंदानं फ्लॉपी बाहेर काढली तेव्हा फट लाल झालेली होती, आतली महिन्याभराची यादी गेली होती. "मी लावलंय ते," म्हणताना मला रडू फुटलं. भाऊंनी ती फ्लॉपी हातात घेतली. मग म्हणाले, "पूजाच केलीस ना गो? गप आता." सुनंदानं यंत्राचं तोंड पुसलं, कोरी फ्लॉपी घातली आणि सांगितलं, "भाऊ, पाच वाजेपर्यंत वेळ आहे."

भाऊंना नावं सगळी पाठ. शोधायची ती फक्त अक्षरं. त्या दुपारी ते उठलेच नाहीत. मी त्यांच्या घरी गेले आणि वहिनींना मऊ भात भरवला. "होतील ना गो पास?" त्यांनी विचारलं. होतील म्हटलं आणि घाईनं पुढचा घास दिला. परत आले तेव्हा भाऊंच्या शर्टाची पाठ त्या गार खोलीतही भिजलेली होती. पाचाला थोडा अवकाश असताना शेवटचं नाव उमटलं.

पुढल्या खंडेनवमीला मी कुंकवाची कोयरी घेऊन खोलीच्या दाराशीच घुटमळले. त्या निर्जीव पेटीला हात लावायचा मला धीर होईना. भाऊंनी माझ्यापुढे एक फ्लॉपी धरली. "लाव हिला. कोरी आहे. कामाची कपाटात आहे, नि तिची नक्कल सुनंदाच्या कपाटात." माझं ओलं बोट तसंच हवेत राहिलं. गेल्या वर्षी ते परीक्षेत पास झाले होते. शिकले आहेत, हे मला आत्ता कळत होतं.